बिननावाची भाषा

काशीराम डोर्लेकर मास्तरांना भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हा त्यांना आनंद झाला आणि पाठोपाठ पोटात गोळाही आला. आनंद का झाला ते सांगायला नको. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेल्या माणसाला कुणी माईकपुढे उभं राहा म्हणालं, की तो आठवडाभर आधीच सदऱ्याला इस्त्री करून ठेवतो. गोळा का आला ते मात्र सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथेच आहे.

निमंत्रण नम्रताचं होतं. ही मास्तरांची जुनी विद्यार्थिनी, आता रत्नागिरीला कॉलेजात शिकवते. सव्वीस नोव्हेंबरला, संविधान दिनी, सरांनी येऊन धर्मनिरपेक्षतेवर अर्धा तास बोलावं, एवढंच तिचं म्हणणं. वर ती म्हणाली, सर, दरवर्षीचं तेच तेच नको, काहीतरी वेगळं सांगा. झालं! मास्तर मुळात हौशी, त्यात कुणी असं चढवून दिलं, मग विचारता काय. त्यांनी थेट स्पेनलाच हात घातला.

त्याचं असं झालं, की कॉलेजच्या ग्रंथालयाने काढून टाकलेली पुस्तकं नम्रताने गेल्या उन्हाळ्यात खोकं भरून मास्तरांकडे पाठवली होती. त्यात पुठ्ठा निघालेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. बायको चिमाबाई जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा सागर पनवेलला, घरात बोलायला भिंती. मास्तरांनी शब्दकोश मांडीवर घेऊन ते पुस्तक अख्खं वाचून काढलं. त्यात एका मेलेल्या भाषेची हकिगत होती. हजार वर्षांपूर्वी स्पेनच्या दक्षिणेकडे मुसलमान राजे होते. दरबारात अरबी चाले, चर्चमध्ये लॅटिन, यहुद्यांच्या प्रार्थना हिब्रूत. पण भाजी घेताना, पोराला झोपवताना, शेजारणीशी भांडताना ही सगळी माणसं एकच भाषा बोलायची. लॅटिनच्या पोटी जन्मलेली, अरबी शब्दांनी भरलेली, बाजारात वाढलेली. तिच्यात धर्मग्रंथ नाही, राजाचं फर्मान नाही. बोलणाऱ्यांनी तिला धड नावसुद्धा ठेवलं नाही. मोझाराबिक हे नाव फार उशिरा, पंडितांनी दिलं. तोवर ती बोलणारं कुणी उरलं नव्हतं. उरल्या त्या थोड्या ओळी, दुसऱ्यांच्या अरबी नि हिब्रू कवितांच्या शेवटी चिकटवलेल्या, आणि त्याही अरबी नि हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या. बहुतेक ओळींत कुणी एकटी बाई आईजवळ तक्रार करते आहे, की माझा माणूस येत नाही.

हे वाचून मास्तर दोन दिवस अस्वस्थ होते. मग त्यांनी वहीत लिहिलं: आपल्याकडची धर्मनिरपेक्षताही अशीच. घटनेच्या प्रास्ताविकेत हा शब्द एकोणीसशे शहात्तर साली आला. त्याआधी किती पिढ्या लोक ती बोलत होते, तिला नाव न देता. बंदरावर, बाजारात, होडीत. तिला ना देऊळ, ना मशीद, ना पुस्तक. आणि अशी गोष्ट मरते तेव्हा तिचा खून कुणी करत नाही. ती आपोआप मरते.

मुद्दा त्यांना झकास वाटला. पण मुद्दा झकास आहे हे ठरवायचं कोणी? इथेच तो गोळा.

गेली चाळीस वर्षं मास्तर प्रत्येक भाषण आधी इस्माईल सोलकरांना ऐकवत आले. शाळेचा वार्षिक समारंभ असो, सरपंचाचा सत्कार असो, कुणाची शोकसभा असो. त्यांना सगळे तांडेल म्हणत, म्हणजे होडीचा म्होरक्या; सातवी शिकलेले, सारा जन्म होडीवर गेलेला, मास्तरांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. धक्क्याच्या वर त्यांचं घर. दुपारी चारला पडवीत जाळं शिवायला बसत आणि मास्तर खालच्या पायरीवर बसून कागद वाचत. तांडेलांनी कधी वाहवा केली नाही. हे लांबलं, ते कुणाला कळणार, इथे तू खोटं बोलतोयस, असं एकेक काढत जायचे. मास्तर भडकायचे, कागद फाडायचे, घरी जाऊन नवा लिहायचे. शाळाभर लोक म्हणत, मास्तर काय बोलतात! त्यातलं अर्धं तांडेलांचं असे, आणि हे दोघांनाच ठाऊक होतं.

आणि आता साडेतीन महिने झाले, मास्तर त्या पायरीवर गेले नव्हते.

कारण सांगतो. पूर्णगडच्या अलीकडे, खाडीला लागून जी खालची वाडी आहे, तिथली ही माणसं. तिथे नारळी पौर्णिमेला मिरवणूक देवळातून निघायची, ती धक्क्याला जाताना सोलकरांच्या दारात थांबायची. समुद्राला द्यायचा पहिला नारळ त्यांच्या हातून घ्यायचा. कधीकाळी तुफानात वाडीच्या होड्या तांडेलांच्या आज्याने सुखरूप आत आणल्या, म्हणून हा मान. खरंखोटं समुद्राला माहीत, पण तीन पिढ्या कुणी विचारलं नव्हतं.

यंदा विचारलं. मुंबईला गेलेल्या वाडीकरांच्या मंडळाने आणि वाडीतल्या तरुण पोरांनी ठरवलं की मिरवणूक नव्या रस्त्याने न्यायची. कारण काय, तर रस्ता रुंद आहे, टेम्पो जातो. इस्माईलचाचांचं नाव कुणी काढलं नाही. सगळे फारच गोड बोलत होते. मंडळाचा वाडीतला अध्यक्ष निलेश, मास्तरांचा सख्खा पुतण्या.

वाडीच्या गावकीची एक रीत आहे. तिथे हात वर करत नाहीत, कागदावर सह्या नाहीत. विषय मांडून झाला, की सुपारीचं ताट फिरतं. ज्याला मान्य त्याने एक खांड उचलून तोंडात टाकायचं. एका माणसाने जरी हात आखडला, तरी विषय पुढच्या बैठकीवर. एकाने! त्याने का आखडला हेही विचारायचं नाही. अशी रीत आख्ख्या तालुक्यात नसेल. मास्तर वर्गात मुलांना अभिमानाने सांगत, की बाळांनो, लोकशाही आपल्या सभामंडपात बसलेली आहे.

बैठकीच्या सकाळी तांडेल धक्क्यावर भेटले होते. काय चाललंय याची कुणकुण त्यांना लागलीच होती. ते एवढंच म्हणाले, तू हायस ना तिथं, मग झालं.

ताट फिरत फिरत सर्वांत शेवटी मास्तरांपुढे आलं. सगळी वाडी बघत होती. निलेश बघत होता. आणि मास्तरांनी हात पुढे करून सुपारी उचलली.

नंतर ते ज्याला त्याला सांगत सुटले, की माझ्या लक्षातच आलं नाही. चिमा गेल्यापासून मला सुपारीची सवय, ताट दिसलं की हात जातो. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो, तेवढ्यात खांड तोंडात. लोक हसले. मास्तर म्हणजे विसरभोळे, असं म्हणून मोकळे झाले. आणि हे सगळं तांडेलांना जाऊन सांगायचं काम मास्तरांचं होतं, ते मात्र मास्तरांनी केलं नाही. आज जातो, उद्या जातो, करत राहिले. बाकीच्यांनाही वाटलं, मास्तरांनी सांगितलं असेल.

पौर्णिमेला इस्माईल तांडेल अंगण झाडून, धुतलेला नारळ हातात घेऊन, पांढरा सदरा घालून दारात उभे राहिले. ढोल देवळाकडून निघाले. ढोल जवळ आले. मग ढोल वरच्या, नव्या रस्त्याने लांब गेले. मास्तर मिरवणुकीत होते. वळणावरून त्यांना ते दार दिसलं. तिथून पुढे त्यांनी मान वर केली नाही.

तांडेल भांडायला आले नाहीत. आले असते तर बरं झालं असतं.

तर आता हे भाषण. मास्तरांनी ते आधी भिंतीला वाचून दाखवलं. मग सागरला फोन लावला. तो म्हणाला, बाबा, मी मीटिंगमध्ये आहे, तुम्ही आवाज रेकॉर्ड करून पाठवा ना. मास्तरांनी अठ्ठावीस मिनिटं मोबाइल तोंडापुढे धरून भाषण केलं, ऐन मुद्द्यावर मासेवालीने हाक मारली ती पण त्यात आली. पाठवल्यावर मिनिटभरात सागरचा अंगठा उमटला. अठ्ठावीस मिनिटांचं भाषण एका मिनिटात! मास्तर मोबाइलकडे बघत बसले. निलेशची बायको दिशा दुपारचा डबा घेऊन आली, तिलाही थोडं वाचून दाखवलं. ती उंबऱ्यात उभ्या उभ्या म्हणाली, छान आहे हो काका, सोलकढी आजच संपवा, आंबेल.

ती गेल्यावर मास्तरांनी डबा उघडला आणि घास तोंडात जाईना. पोळी, भात, बांगड्याची आमटी, सोलकढी. तीन वर्षं दोन्ही वेळ हा डबा येतो. तीन वर्षं दिवसातून दोनदा कुणीतरी त्यांच्या दारात येतं आणि काका म्हणतं. सुपारीचं ताट समोर आलं त्या दिवशी त्यांच्या मनात घटना नव्हती, इतिहास नव्हता, नि विसरभोळेपणा तर नव्हताच. त्यांच्या मनात हा डबा होता. हा बंद झाला तर आपल्या दाराशी कोण येणार, हे होतं. एवढं सरळ होतं ते. मास्तरांना स्वतःची किळस आली आणि त्यांनी डबा झाकून ठेवला.

चार वाजता ते कागद घेऊन धक्क्याकडे चालू लागले.

इस्माईल तांडेल पडवीत जाळं शिवत होते. मास्तरांना बघून ते उठले आणि आतून खुर्ची आणून ठेवली. चाळीस वर्षांत मास्तरांना त्या घरात खुर्ची मिळाली नव्हती. तांडेलांनी तब्येत विचारली, सागर बरा आहे का विचारलं, पोरगी चहा आणेल म्हणाले. चहा आला तो कानाच्या कपात, बशीसकट. मास्तर खुर्चीवर अवघडून बसले आणि म्हणाले की भाषण आहे, वाचून दाखवायचं होतं. वाच ना, तांडेल म्हणाले.

मास्तरांनी वाचलं. स्पेन, बाजार, ती बिननावाची भाषा, ती आईजवळ तक्रार करणारी बाई, मग प्रास्ताविका, आणि शेवटी ते ‘आपोआप’. तांडेलांचे हात जाळ्यावर चालत होते. ते मधे एकदाही बोलले नाहीत. मास्तर प्रत्येक परिच्छेदाला थांबत, आता हटकतील म्हणून. नाही. शेवटचं वाक्य झालं, कागद मिटला, तेव्हा तांडेल म्हणाले की चांगलं आहे, लोकांना आवडेल.

मास्तर म्हणाले, कुठे चुकलं ते सांग.

“मी काय शिकलेला माणूस नाय, मास्तर. चुका काय काढणार.”

हे वाक्य त्यांनी जन्मात कधी म्हटलं नव्हतं. पूर्वीचे तांडेल असते तर सुई खाली ठेवून म्हणाले असते, आपोआप काय मरतं रे, मेल्या? मासा पण आपोआप मरत नाय, पाण्यातून काढावा लागतो. मास्तरांना ते शब्द ऐकू आल्यासारखे झाले, समोरच्या माणसाने मात्र पुढची गाठ मारायला घेतली.

“इस्माईल,” मास्तर म्हणाले, “ती सुपारी मी सवयीनं उचलली नाय. जाणूनबुजून उचलली. निलेशला घाबरलो. डबा बंद होईल म्हणून घाबरलो. आणि तुला सांगायला पण घाबरलो.”

तांडेलांनी दोरा दाताने तोडला. गाठ नीट बसली का ते बघितलं. त्यांना राग आलेला दिसत नव्हता, आणि तेच मास्तरांना सोसत नव्हतं.

“ठाऊक हाय मला,” ते म्हणाले. “तुझ्या डोळ्यांसमोर ताट येतंय आणि तुला दिसत नाय, असं व्हायला तू काय आंधळा हायस? मी वाट बघितली तुझी. म्हटलं, दोन दिवसांनी येईल, शिव्या खाईल, जाईल. श्रावण संपला. गणपती गेले. रोज चार वाजले की मी पायरीकडे बघायचो. मग एक दिवस बघायचं राहिलं, नि माझ्या ध्यानात पण आलं नाय. सवय झाली. आता तू आलायस, बरं वाटलं मला, खोटं नाय सांगत. पण तुझ्याशी काय बोलायचं ते सुचतच नाय बघ.”

मास्तरांनी चहा संपवला, कारण नाहीतर करणार काय. तांडेल त्यांना फाटकापर्यंत पोचवायला आले. तेही पहिल्यांदाच.

सव्वीस तारखेला निलेशच त्यांना गाडीतून रत्नागिरीला घेऊन गेला. काकाचं भाषण, म्हणून हौसेने पहिल्या रांगेत बसला, फोटो काढले. नम्रताने ओळख करून दिली. मास्तरांनी ती बिननावाची भाषा सांगितली, आणि मुलं खरंच ऐकत होती. मग ते शेवटच्या पानावर आले आणि त्यांनी कागद खिशात घातला.

“ही भाषा आपोआप मेली असं मी लिहून आणलंय,” ते म्हणाले. “ते खोटं आहे. भाषेला दोन माणसं लागतात. त्यातलं एक गप्प बसलं, की दुसरं थोडे दिवस वाट बघतं. मग त्यालाही बोलायचं विसरायला होतं. तिथे कसं झालं ते मी बघायला गेलो नव्हतो. आमच्या वाडीत कसं झालं ते सांगतो, कारण तिथे गप्प बसलेला माणूस मी आहे.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. ताट, सुपारी, डबा, दारात उभे असलेले तांडेल. निलेशचं नाव घेतलं नाही, पण पुतण्या म्हटल्यावर नाव घ्यायचं काय राहिलं? टाळ्या वाजल्या तेव्हा पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती. नम्रताचे डोळे भरले होते. ती म्हणाली, सर, तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं भाषण. मास्तर हो म्हणाले आणि एसटी स्टँडचा रस्ता धरला.

दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. संध्याकाळी दिशाचा फोन आला, गॅस संपलाय काका, दोन दिवस जरा बघा. बिचारी चांगल्या स्वभावाची, खोटं बोलताना अडखळली. दोन दिवसांचे आठ झाले. मास्तरांना कुकरला किती पाणी घालायचं ते कळेना. भाताची पेज झाली, तीच मीठ घालून प्यायले. वाटेत माणसं भेटली की घाईत असायची. दिवस दिवस कुणाशी शब्द व्हायचा नाही. ज्याची भीती वाटून त्यांनी मित्र गमावला होता, ते आता व्याजासकट दारात येऊन बसलं होतं. मास्तर एकदा चिमाबाईंच्या फोटोपुढे उभे राहून मोठ्याने रडले, मग ऐकायला कुणी नाही हे आठवून गप्प झाले.

पण रोज चारला ते धक्क्यावर जात राहिले. खुर्ची असली तरी पायरीवर बसत. कागद नसे. तांडेल जाळं शिवत, मास्तर खाडीकडे बघत, पाचला उठून परत येत. भाषणाचं तांडेलांच्या कानावर गेलं होतं की नव्हतं, कोण जाणे; त्यांनी काढलं नाही, मास्तरांनीही काढलं नाही. पहिले चार दिवस एक अक्षर नाही. पाचव्या दिवशी तांडेल म्हणाले की वारा फिरला, आणि मास्तर म्हणाले, हो, फिरला. मग दोन दिवस पुन्हा काही नाही.

आठव्या दिवशी तांडेलांनी सुई थांबवून मास्तरांकडे निरखून बघितलं. गालफडं बसलेली, सदरा अंगावर लोंबतोय.

“जेवलास काय?” त्यांनी विचारलं.

साधा प्रश्न. या किनाऱ्यावर माणूस माणसाला दिवसातून दहा वेळा विचारतो, आणि समोरचा जेवलेला असो नसो, जेवलो म्हणतो. मास्तरांच्याही ओठांवर तेच आलं होतं.

“नाय,” मास्तर म्हणाले.

तांडेलांनी जाळं बाजूला सारलं आणि ते आत ताट वाढायला सांगायला गेले.